दादा म्हणायचा, ग्रिप गरमच होत नाहीत

माझ्या थोरल्या भावाने एकोणीस वर्षं लोकांचं रक्त वाहून नेलं. लॅबची मोटरसायकल, मागे बर्फाची पेटी, वर डोंगरात अकरा दवाखाने. सकाळी सहाला निघायचा, एकेका दवाखान्यातून रक्ताच्या नळ्या उचलायचा आणि साडेदहाच्या आत खाली लॅबमध्ये आणून द्यायचा. लॅबमध्ये त्याला सगळे थर्मास म्हणायचे. मी दादा म्हणायचो आणि तो मला ठिणग्या म्हणायचा, कारण मी गाड्यांचं वायरिंग करतो आणि काम शिकताना पहिल्याच दिवशी उस्तादाची बॅटरी शॉर्ट केली होती. तीस वर्षं झाली त्याला, पण दादाने ते नाव सोडलं नाही. चार लोकांत मुद्दाम हाक मारायचा.

तो गेला म्हणून मी गोड गोड लिहिणार नाही. फटकळ होता. वहिनीला पाहुण्यांसमोर गप्प बसवायचा. चहात चार चमचे साखर घ्यायचा, कुणी टोकलं की म्हणायचा, "घरात एवढी तरी गोष्ट गोड असू दे." पण राऊंडवर माणूस वेगळा. एकदा मी त्याच्या मागे बसून वर गेलो होतो. प्रत्येक दवाखान्यात नर्सबाई दारात उभी. एका ठिकाणी तर म्हातारा डॉक्टर स्वतः उठून बाहेर आला, म्हणाला, "आलात का, आता मी घड्याळ लावतो." खाली त्याला कुत्रं विचारत नव्हतं, वर तो साहेब होता. राऊंड म्हणजे त्याचा जीव. दुसरं काही नव्हतंच त्याच्याकडे.

मागच्या थंडीत त्याच्या हातातून नळ्या पडायला लागल्या. वरून येईपर्यंत बोटं बधीर व्हायची, पेटीतून नळी काढताना पकड कळायची नाही. जाड हातमोजे घालता येत नव्हते, नळीवरची चिठ्ठी चिकटवायला बोटं मोकळी लागतात. पातळ मोज्यांत थंडी आत. तिसरी नळी फुटली तेव्हा लॅबच्या मोठ्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "थर्मास, हात आहेत का ओंडके? ते रक्त माणसाच्या अंगातून काढतात, नळाला येत नाही. आणखी एक फुटली की गाडी दुसऱ्याकडे. तू मागच्या खोलीत बस बाटल्या धूत." दुसऱ्या दिवसापासून तिथली माणसं तो आला की पैज लावायची, आज पडणार की नाही.

हे त्यानेच मला सांगितलं, माझ्या दुकानात, स्टुलावर बसून. हात बगलेत घातले होते.

"ठिणग्या, ते हँडलचे गरम होणारे ग्रिप असतात ना, ते बसव मला."

मी म्हटलं, "म्हातारपणी नखरे सुचायला लागले. उद्या सीटखाली पण शेगडी मागशील."

"बसवतोस का जाऊ दुसऱ्याकडे?"

बसवले. काम मी मन लावून केलं, ते खोटं नाही बोलणार. जुने ग्रिप ब्लेडने कापून काढले, दांडा घासून साफ केला. रेसच्या बाजूला खूप सांभाळावं लागतं, तिथे आतलं प्लास्टिक कानशीने उतरवून मग ग्रिप चढवायचा, आणि वायरला ढील ठेवायची, नाहीतर हँडल वळवलं की रेस ओढली जाते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं, रेस सोडली की खटकन मागे येते का बघितलं. करंट रिलेमधून घेतला, म्हणजे गाडी बंद केली की ग्रिप पण बंद, बॅटरी उतरायची भीती नाही. कंट्रोलरला तीन दिवे. एक म्हणजे कोमट, तीन म्हणजे कडक. मीटर लावला, सगळं बरोबर. हात लावून बघितला, छान ऊब.

चौथ्या दिवशी दादा परत. "गरमच होत नाहीत."

मी हात लावला. गरम. "हे काय आहे मग?"

त्याने हात ठेवला, तोंड वाकडं केलं. "कोमट पण नाही. तीन दिवे लावून चालवतो मी."

"दादा, तुझं कातडं गेंड्याचं झालंय."

"आणि तुझं काम तुझ्यासारखंच. नुसता उजेड, ऊब नाही."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. मला लागलं ते. पुढच्या आठवड्यात तो परत आला तेव्हा मी आधीच तापलेलो होतो. मी विचार केला, दुकानात वारा नाही, इथे ग्रिप गरम लागतात. वर उतारावर वारा खातो सगळी ऊब. म्हणून याला कळत नसणार. धंद्यात असंच शिकलोय आम्ही, गाडी चालवणारा सांगतो ते खरं धरायचं, कारण रस्त्यावर तो असतो, आपण नाही. ते डोक्यात ठेवून मी कंट्रोलर काढून टाकला आणि ग्रिप डायरेक्ट जोडले. आता तीन दिवे नाहीत, एक नाही, गाडी चालू की पूर्ण करंट. रागारागात त्याला म्हटलं, "घे. आता गरम नाही झाले तर हात तोडून टाक आणि दुसरे लाव."

हे माझ्या तोंडून गेलं. असंच गेलं.

त्याला घाई होती. मी मीटर लावला, करंट भरपूर होता, फ्यूज धरत होता. मीटर लावला आणि हात नाही लावला. गाडी सुरू करून दोन मिनिटं थांबलो असतो तर कळलं असतं. नाही थांबलो. "जा आता, डोकं खाऊ नकोस," म्हणून दुसऱ्या गाडीकडे वळलो.

नळी काही परत पडली नाही. का, तर आता तो बोटांकडे बघून काम करायचा. नळी डोळ्यांनी धरायची आणि डोळ्यांनी सोडायची, असं म्हणायचा तो. पण ग्रिपचं विचारलं की तेच, "थोडा फरक आहे. गरम नाही म्हणता येणार." मग एक दिवस दुकानासमोर गाडी थांबवून म्हणाला, "क्लच बघ रे, जळतोय बहुतेक. चढावर वास येतो."

मी क्लच बघितला. केबल बघितली, प्लेटा उघडून बघितल्या. काही नव्हतं. "क्लच ठणठणीत आहे. तुझं नाक गेलंय, हातांबरोबर."

वास मोज्यांचा होता. ते मला नंतर कळलं.

वहिनीचा फोन आला त्याच आठवड्यात. "भावजी, ह्यांच्या तळहातांना मोठे फोड आलेत. दुखत नाही म्हणतात. फोडून पावडर टाकतात आणि जातात. कुणाला सांगू नको म्हणतात, मॅडमला कळलं तर गाडी जाईल."

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "हँडल धरून फोड येतात होय? साहेब झालाय तो. तेल लाव म्हणावं."

दोन वर्षांपूर्वी दादा एका पायात चप्पल घालून घरी आला होता. दुसरी कुठे पडली त्याला पत्ता नाही. आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो, मी सगळ्यात जास्त. "दुसरी कुणाच्या डोक्यात घातलीस?" वगैरे. तो पण हसला. पुढे दादाला हॉस्पिटलमध्ये ठेवला तेव्हा डॉक्टरीणबाईने पहिल्याच दिवशी आम्हाला बाहेर हेच विचारलं, पायातली चप्पल निसटलेली कळत नव्हती का म्हणून. म्हणजे तेव्हापासून. साखर आठ-दहा वर्षांची असेल म्हणाल्या, आधी पायांची जाणीव गेली, मग हातांची. थंडी नव्हतीच ती. मी विचारलं, इतकी वर्षं कसं कळलं नाही? त्या म्हणाल्या, "तपासलं असतं तर एका थेंबात कळलं असतं."

आणि हा माणूस रोज दोनशे लोकांचं रक्त मांडीवर घेतल्यासारखं घेऊन यायचा. स्वतःचं कधी दिलं नाही. वहिनीने सांगितलं होतं त्याला, लॅबमध्ये फुकटात होईल म्हणून. तो म्हणाला होता, "रिपोर्ट मॅडमच्या टेबलावर जातो. साखर निघाली की दुसऱ्या दिवशी बाटल्या धुवायला."

तापाने फणफणला तेव्हा वहिनीने हॉस्पिटलमध्ये नेला. दोन्ही हात कोपरापर्यंत सुजलेले, डावा काळा पडत आलेला. पट्ट्या बांधल्या, औषधं चढवली. तरी मला काही कळलं नाही. मला वाटलं फोड चिघळले. खरंच असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानात एक माणूस आला. आधी टॅक्सी चालवायचा, बोलायला तिखट. दादाचीच गाडी घेऊन आला होता. मॅडमनी दुसऱ्याच दिवशी माणूस ठेवला होता, राऊंड थोडाच थांबतो. तो गाडी स्टँडवर लावायच्या आधीच ओरडायला लागला.

"हे वायरिंग कोणत्या गाढवाने केलंय?"

"मी."

"मग धर. धर ना, हात ठेव. पहिला दवाखाना यायच्या आत मी ग्रिप सोडून बोटांच्या टोकांनी गाडी चालवली. माणूस भाजायला बसवलेत का हे?"

मी हात ठेवला. तवा. दोन सेकंद नाही ठेवता आला. ग्रिपच्या रबरावर काळसर काहीतरी चिकटून वाळलेलं होतं. तो म्हणाला, "मोजे वितळलेत बघ आधीच्याचे. त्याला कळत नव्हतं का?"

मी कटर घेतला. वायरी तोडल्या, ग्रिप थंड झाले, तो निघून गेला. शटर अर्धं ओढून तिथेच बसलो. दादा खरं बोलत होता, त्याला गरम लागत नव्हतं. मीटर पण खरं बोलत होता. दोघांच्या मध्ये मी.

दुपारी हॉस्पिटलमध्ये गेलो. वहिनीला बाहेर व्हरांड्यात सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "भावजी, ह्यांना सांगू नका. ह्यांना वाटतंय थंडी गेली की हात बरे होतील आणि राऊंड मिळेल. त्याच आशेवर दोन घास जातायत." मी हो म्हटलं. ती खाली औषधं आणायला गेली.

दादा जागा होता. दोन्ही हात उशांवर, बोळ्यांसारखे. मला बघून म्हणाला, "काय ठिणग्या, दुसरे ग्रिप आणलेस का? हे तुझे टाकाऊ निघाले."

मला सहन झालं नाही. मी सांगितलं. "दादा, टाकाऊ नव्हते. गरम होत होते. फार गरम होत होते. मी डायरेक्ट केले ना, त्याने तुझे हात भाजले." आणि रडायला लागलो, त्याच्या पायाशी डोकं ठेवून, माफ कर माफ कर. मला वाटलं शिव्या देईल. शिव्याच हव्या होत्या मला.

त्याने शिव्या दिल्या नाहीत. विचारलं, "मग मला का नाही कळलं?"

मी डोकं उचललं.

"तुला कळलं हात लावल्यावर?"

"हो."

"किती वेळात?"

"लगेच."

तो छताकडे बघत राहिला. मी त्याच्या चेहऱ्यावर बघितलं ते, एक एक करून सगळं जुळत गेलं. नळ्या, वास, चप्पल. मी माझं पाप सांगायला गेलो होतो आणि त्याला ऐकू आलं वेगळंच. त्याला ऐकू आलं की हात गेले, थंडीचा काही संबंध नाही, वर आता कुणी दारात उभं राहणार नाही. माझ्यावर तो रागावला पण नाही. माझा विचारच नव्हता त्याच्या डोक्यात.

मग म्हणाला, "गाडीची दुसरी चावी आहे. हरवली म्हणून सांगितलं होतं मी लॅबमध्ये. माझ्या रेनकोटच्या आतल्या खिशात आहे. देऊन टाक."

संध्याकाळी त्याने जेवण परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पण. डॉक्टरीणबाई म्हणाल्या डावा हात काढला तर वाचतील. सही त्याची लागत होती, त्याने मान हलवली, नाही. वहिनीने पाय धरले त्याचे. नाही म्हणजे नाही. पाचव्या दिवशी गेला.

सगळं आटपल्यावर वहिनीने मला विचारलं, मी औषधं आणायला गेले तेव्हा तुम्ही काय बोललात? मी तिला पण खरं सांगितलं. ती दारात उभी होती, मी पायरीवर. ती म्हणाली, "तुम्हाला मोकळं व्हायचं होतं ना? झालात. मग आता माझ्या दारात रडता कशाला?"

आणि आत जाऊन रेनकोट आणून दिला, दार लावलं.

चावी मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेऊन दिली. मॅडम कागद बघत होत्या. म्हणाल्या, "ठेवा तिथे."