जन्म डावीकडे, मृत्यू उजवीकडे

वाचनालयातलं पुस्तक लोक घेऊन जातात. किस्सा मात्र आणून ठेवतात आणि तो परत न्यायला कुणी येत नाही. माले गावातल्या आमच्या एका खोलीच्या वाचनालयात मी बारा वर्षं बसते आहे. असे बरेच साठलेत, आणि त्यातले निम्मे तरी दारातल्या फळ्याचे आहेत.

फळ्यावर मी रोज दिनविशेष लिहिते. वर घटना, खाली डावीकडे जन्म, उजवीकडे मृत्यू. एक जाड पुस्तक आहे, त्यातून उतरवायचं. माझं शिक्षण दहावी, पण अक्षर बरं आहे म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

*

एकदा घाईत मी घटना पुसल्या, जन्म पुसले आणि मृत्यूची बाजू तशीच राहिली. दगडूतात्या रोज सकाळी पेपर वाचायला येतात. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"वैनी, ह्यो माणूस काल गेला व्हता न्हवं?"

"हो."

"मग आज परत?"

मी डस्टर घेऊन धावले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. एकांद्याला दोन दिस लागत्यात."

*

हौसाकाकू आमच्या मागच्या आळीत राहतात. त्यांना वाचनाची आवड नाही, पण एक दिवस येऊन त्या जाड पुस्तकावर हात ठेवून म्हणाल्या, "ह्यात समद्यांचे जन्म हायेत न्हवं? माझाबी बघा."

"काकू, हे मोठ्या लोकांचं पुस्तक आहे."

"मग मी काय ल्हान हाय?"

काकूंच्या आधार कार्डावर एक जून आहे. आमच्याकडे ज्यांची जन्मतारीख घरी कुणाला ठाऊक नव्हती, त्यांना शाळेत घालताना गुरुजींनी सरळ एक जून लावून दिली. त्यामुळे अर्धा गाव एकाच दिवशी जन्मला आहे.

"त्यो गुरुजींचा दिस," काकू म्हणाल्या. "मला माझा पायजे."

त्यांचा मुलगा पुण्याजवळ सूसला सोसायटीत राहतो. तिथे एक जूनला पाच आज्या निघाल्या, म्हणून पाचजणींत मिळून एकच केक आणला होता. "सुरी एक आन् हात पाच. माझा वरनं तिसरा व्हता. नात इचारती, आजी, तुझा एकटीचा बड्डे कधी? काय सांगू तिला?"

मी बघते म्हणाले. कुठे बघायचं ते मलाही माहीत नव्हतं.

*

पुढच्या एक जूनला मी उत्साहात जाहीर केलं की, आज फळ्यावर गावातल्या माणसांचे जन्म लिहू. दहा वाजता दारात रांग लागली. दगडूतात्या होते, त्यांची बायको होती, मेहुणा होता. एक जोडपं आलं, त्यांच्याबरोबर नवऱ्याची आईसुद्धा. तिघांचा दिवस एकच. जन्माची बाजू भरली, तरी चार नावं उरली. ती मी उजवीकडे लिहिली आणि तिथून जन्माकडे एक मोठा बाण काढला.

दुपारी कुणाचा तरी खांदा लागून बाण पुसला गेला. मग कुणीतरी फळ्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. उजवीकडे सगळ्यात वर तात्यांचं नाव.

संध्याकाळी तात्यांच्या घरी पौडच्या पाहुण्यांचा फोन आला, तो तात्यांनीच उचलला. पाहुण्यांना वाटलं, मुलगा बोलतोय. बापलेकांचा आवाज सारखाच आहे.

"वाईट झालं," पाहुणे म्हणाले. "कधी नेणार?"

तात्या म्हणाले, "कुटं?"

दुसऱ्या दिवशी ते पेपर वाचायला आले आणि एवढंच बोलले, "वैनी, बाण तेवढा पक्का काढत जा."

हौसाकाकू रांगेत आल्या नव्हत्या.

*

काकूंच्या जन्मदिवसाची मी म्हाताऱ्या माणसांकडे चौकशी केली. एक म्हणाले, भातलावणी चालू होती. दुसऱ्या म्हणाल्या, छे, थंडी होती, शेकोटी पेटलेली आठवते. दोन्ही वहीत लिहून ठेवलं आणि माझा गोंधळ आणखी वाढला. शेवटी काकूंनाच विचारलं, "तुमच्या आईने कधी काही सांगितलं नाही?"

"आई कशी सांगंल? मला जलम दिला आन् त्याच दिशी गेली."

मी वही मिटली. "काकू, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी जन्म इचारत व्हता."

"आईची तिथी माहीत आहे?"

"व्हय तर. मार्गशीर्ष वद्य पंचमी. दर साली पान वाढते..." बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं. मग मान हलवून म्हणाल्या, "न्हाई वैनी. त्यो आईचा दिस हाय. त्यात मी कशी शिरू?"

*

त्या वर्षी ती तिथी रविवारी आली. सकाळी मी खडू घेऊन फळ्यापुढे उभी राहिले. उजवीकडे ठकूबाई, काकूंची आई. डावीकडे हौसाबाई. जाड पुस्तकातलं काहीच उतरवलं नाही.

तात्या म्हणाले, "मधी बाण काढा की."

कुठून कुठे काढायचा ते मला कळेना. तसंच ठेवलं.

दुपारी काकूंकडे गेले. परसातल्या बांधावर त्यांनी पान वाढलं होतं. भात, वरण, वडा, खीर. ग्रुपवर फळ्याचा फोटो बघून सूसहून नात केकचा खोका घेऊन आली होती. काकू खोक्याकडे बघेनात. "मी कापायची न्हाई. आज आईचा दिस."

नातीने वाद घातला नाही. चमच्याने केकच्या कडेचा एक तुकडा काढला आणि पानावर भाताशेजारी ठेवला. "पणजीला."

आम्ही लांब उभ्या राहिलो. अर्धा तास झाला तरी एकही कावळा फिरकला नाही. काकूंचा चेहरा उतरला. "बघा, रागावली," त्या पुटपुटल्या.

तेवढ्यात एक आला. पानाभोवती एक फेरी मारली. भाताकडे मान वाकडी करून बघितलं, वड्याकडे बघितलं. मग केकचा तुकडा उचलला आणि आंब्यावर जाऊन बसला.

काकू वर बघत राहिल्या. मग पदराने हात पुसून नातीला म्हणाल्या, "आण ती सुरी."