रस्सीवर पहिल्या, आमच्या शैलाताई

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. पुतणी म्हणाली, "काकू, आई गेली... झोपेतच." गॅस बंद करून पिठाच्या हातांनी तशीच बसून राहिले. आता महिना उलटलाय, आणि मला त्यांचं जाणं नाही, जिंकणंच आठवत राहतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ताई माझ्या थोरल्या जाऊबाई, शाळेत पी.टी. शिकवायच्या. दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही दोन्ही कुटुंबं नोएडात आलो, तेव्हा सोसायटीभोवती नुसते मोकळे प्लॉट होते. नवऱ्यांना नव्या कंपन्या, नव्या गाड्या मिळाल्या होत्या. बायका मात्र एकमेकींना ओळखतही नव्हत्या. ताईंनी एका प्लॉटवर जाडजूड रस्सी आणून टाकली आणि दारोदार फिरून आठ जणींचा संघ जमवला. पंजाबी, मल्याळी, बंगाली, आणि आम्ही दोघी मराठी. आम्हाला वाटलं, गणेशोत्सवापुरती गंमत. ताईंनी सांगितलं, रस्सीखेच एकेकाळी ऑलिंपिकमध्ये होती. १९२० नंतर तिथून गेली, पण संपली नाही. जगभर स्पर्धा होतात, बायकांच्याही. साऱ्या संघाचं मिळून वजन ठरलेलं, आणि मुद्दाम खाली बसलं की ताकीद! मी अंगानं भारी, म्हणून मला सगळ्यांत मागे उभं केलं, रस्सी पाठीवरून खांद्यावर घेऊन. माझ्या वजनाचा कुणाला अभिमान वाटावा, हे लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

पुढे ताईंच्या खटपटीनं दिल्लीत परदेशी पाहुण्या संघांशी आमचे सामने ठरले. आमच्यासमोर युरोपातून आलेल्या उंच, दणकट बायका. तीनपैकी दोन खेची जिंकायच्या होत्या. पहिली आम्ही बघता बघता हरलो. बाजू बदलताना आमची हरप्रीत पुटपुटली की बस, झालं आता. ताईंनी सगळ्यांना जवळ घेतलं.

"अब खींचना नहीं. बस पकड़े रहना. उन्हें थकने दो." मग माझ्याकडे वळून मराठीत, हळूच, "मंदा, तू हललीस तर आपण गेलो."

मी हलले नाही. टाचा मातीत रुतवून आम्ही जवळजवळ आडव्या झालो. रस्सी थरथरत होती, पण जागची सरकत नव्हती. हात सोलले, डोळ्यांपुढे अंधारी आली... आणि समोरचीचा पाय निसटला. पुढून ताईंचा "हं!" ऐकू आला. एक पाऊल मागे, मग दुसरं, मग सगळी रस्सीच आमच्याकडे! तिसरी खेच तशीच जिंकलो. इतके दिवस आम्हाला हसणारे माझे मोठे दीर, म्हणजे ताईंचे यजमान, खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या परदेशी कॅप्टननं ताईंना मिठी मारून चक्क उचललं.

परवा ताईंच्या घरी आवराआवर करताना कपाटात खालच्या खणात त्यांचे खेळाचे बूट सापडले. टाचा झिजलेल्या, शिवणीत अजून माती. पुतणी टाकून देणार होती. मी घेऊन आले. आता ते माझ्या दाराशी असतात. येणारा विचारतो, कुणाचे? मी आधी त्याला बसवते, चहा ठेवते, आणि मग पहिल्यापासून सांगते.