नाळेतली हाक

सात फेब्रुवारी, सकाळी आठ. मनालीच्या वर, बर्फाने भरलेल्या एका उभ्या, अरुंद घळीच्या माथ्यावर बापू, विनायक आणि मी असे आम्ही तिघे म्हातारे मित्र स्की बांधून उभे होतो. सह्याद्रीच्या सवयीने आम्ही तिलाही नाळच म्हणत होतो.

प्रथम मी उतरलो. मध्यावर पोहोचतो तोच वरून बापूची आरोळी आली, "दगड!"

मी क्षणात कड्याला चिकटलो. शेजारून बर्फाचा लोंढा घसरत खाली गेला. त्यात दगड एकही नव्हता.

तिघेही पायथ्याशी पोहोचल्यावर विनायक म्हणाला, "बापू, बर्फाला दगड म्हणतोस? डोळे तपासून घे."

"हिमप्रपात म्हणेपर्यंत हा गाडला गेला असता!"

शब्द चुकीचा होता, हे खरे. परंतु तारुण्यापासून सह्याद्रीच्या नाळा उतरताना याच हाकेने आम्ही एकमेकांना राखले आहे. कानांनी ऐकण्यापूर्वी अंग तिला ओळखते. अशी हाक मिळवायला अर्धे आयुष्य एकत्र उतरावे लागते. आम्ही उतरलो आहोत, याचा मला अभिमान आहे.

संध्याकाळी स्कींना मेण लावायला बसलो, तेव्हा बापूची जोडी आधी घेतली.