पासलीच्या खळ्यावर गिअरबॉक्स

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माझी नेमणूक पुण्याच्या एका भरतीपथकावर झाली. हुद्दा लान्स नाईक, काम ड्रायव्हरचं. मी भोरजवळच्या उत्रोलीचा. डोंगराची माहिती आहे म्हणून मला निवडलं, असं साहेब म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. त्या मोटारीला दुसरा कोणी हात लावायला तयार नव्हता.

मोटार कुणा धनिकाकडून सरकारने घेतलेली होती. कापडी टप, पितळी दिवे, आणि हॉर्न असा की नाटकाची तिसरी घंटाच. तो वाजला की गाव धावत रस्त्यावर यायचं. मागून मोटार दिसली की हसत घरी जायचं.

पथकाचे प्रमुख सुभेदारसाहेब. साताऱ्याकडचे, मिशांना रोज मेण लावणारे. मोटार चालवता येत नसे, पण तपासता येते अशी त्यांची खात्री होती. रोज सकाळी इन्स्पेक्शन. टायर, पाणी, इंजिनचं तेल आणि शेवटी गिअरबॉक्सचं तेल.

ज्यांनी मोटारीच्या पोटाखाली कधी डोकं घातलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. त्या गिअरबॉक्सच्या डाव्या कुशीला एक बूच होतं. ते उघडायचं आणि बोट घालायचं. तेल भोकाच्या काठापर्यंत आलेलं हवं, जास्त नको आणि कमीही नको. अट एकच, गाडी सपाट जमिनीवर उभी पाहिजे.

आता आमचा दौरा होता त्या वेल्ह्याच्या डोंगरात सपाट जमीन दाखवा! तिथं अंगणात तांब्या ठेवला तरी तो घरंगळत शेजाऱ्याकडे जातो. भाताची खाचरं सपाट असतात, पण त्यांचे बांध ओलांडायला मोटारीला पंख नव्हते. मुक्कामाला जागा मिळायची ती उताराचीच. त्या दौऱ्यात नेमकी डावी बाजू वर यायची. तेल उजवीकडे जाऊन बसायचं आणि बोट कोरडं निघायचं.

"तेल कमी," सुभेदारसाहेब म्हणाले.

"साहेब, जमीन कलती आहे."

"मी जमीन विचारली? भर."

दुसऱ्या गावी तेच. तिसऱ्या गावी तेच. पासलीला पोचलो तेव्हा तेलाचे डबे रिकामे झाले होते आणि गिअरबॉक्स श्राद्ध जेवून आलेल्या माणसासारखा तुडुंब होता.

पासलीत नाईक येसू रजेवर होता. पासलीच्याच एका वाडीतला, पंचविशीचा, हसरा गडी. त्याची रजा संपत आली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून सुटणारी लष्करी आगगाडी त्याला गाठायची होती. तो आम्ही पोचलो त्याच दिवशी चालत निघणार होता. सुभेदारसाहेबांनी त्याला थांबवलं. वर्दीतला गावचा पोरगा समोर उभा केला की भरती चांगली होते.

"उद्या तुला मोटारीने स्टेशनवर सोडतो. माझा शब्द," ते म्हणाले.

शब्द त्यांचा आणि मोटार माझी.

दुसऱ्या दिवशी भरती आटोपून आम्ही निघालो. गावाबाहेरच्या पहिल्याच चढावर इंजिन वाघासारखं गरजलं आणि गाडी जागची हलेना. मी गिअर बदलला. गर्जना वाढली, गाडी मात्र मागे सरकली. खाली शिरून पाहिलं. जादा तेल गिअरबॉक्सच्या दांड्यावरून क्लचमध्ये उतरलं होतं. क्लचची पकडच गेली होती.

"रिपोर्ट," सुभेदारसाहेब वरून ओरडले.

"साहेब, तेल जास्त झालं."

ते मोटारीच्या पोटाखाली वाकून पाहू लागले. आयुष्यात प्रथमच.

क्लच पेट्रोलने धुता आला असता. पण गिअरबॉक्समधलं जादा तेल आधी काढायला हवं होतं, नाहीतर ते पुन्हा उतरलं असतं. अंदाजाने काढावं आणि आतलं तेल कमी पडावं, तर कात्रजच्या घाटात गिअरचे दाते खाल्ले गेले असते. भरायला थेंब शिल्लक नव्हता. म्हणजे सपाट जमीन हवी, आणि ती लगेच हवी. गाडी चुकली तर येसू गैरहजर ठरणार आणि बाहीवरच्या फिती जाणार.

येसूचे वडील म्हादबा निरोप द्यायला बरोबर चालत आले होते, मागे भरतीला आलेली पोरंही होती. म्हादबांचं खळं वाटेला लागूनच होतं. शेणाने सारवलेलं, ताटासारखं सपाट. एका कडेला भाताची रास. मी खळ्याकडे पाहिलं. म्हादबांनी माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले.

"मामा, थोडाच वेळ."

"रास उचलली न्हाई अजून. खळ्यावर पायताण चालत न्हाई."

"मोटारीला कुठलं पायताण?"

"मंग ते काळं काय हाय चाकाला?"

येसू म्हणाला, "आबा, गाडी चुकली तर मला गैरहजर मांडत्याल."

म्हादबांनी त्याच्याकडे वळून विचारलं, "म्हंजी पळून गेला आसं?"

"तसंच धरत्यात."

म्हादबांनी डोक्याचा पटका काढला, झटकला, पुन्हा बांधला. मग घराकडे हाक दिली, "पानी आना गं! घागरी भरून आना!"

त्यांनी स्वतःच्या हाताने मोटारीची चारही चाकं धुतली. घासून धुतली. वेळ चालला होता आणि मी आतल्या आत शिव्या देत होतो. रोज सकाळी मी टायर दाखवायचो, तेव्हा कोणी एवढ्या बारकाईने पाहिलं नव्हतं. धुऊन झाल्यावर त्यांनी सुभेदारसाहेबांच्या पायांकडे बोट केलं.

"तुमी पन काढा."

"मी सुभेदार आहे."

"असा की. बूट काढा."

सुभेदारसाहेबांनी बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. भरतीला आलेली पोरं तोंड फिरवून उभी राहिली, पण त्यांचे खांदे हलत होते. मग त्याच अनवाणी पोरांनी मोटार ढकलून खळ्यावर आणली. येसूच्या आईने परात दिली, देताना म्हणाली, "ही काई आता भाकरीची न्हाई ऱ्हायली." मी परात खाली धरली आणि बूच उघडलं.

तेल आपोआप वाहू लागलं. जाड, काळं, अजिबात घाई नसलेलं. मी खाली उताणा, येसू शेजारी उकिडवा.

"उस्ताद, हुईल ना?"

"तेलाला विचार."

धार बारीक झाली. मग थेंब, आणि मग तेही थांबलं. बोट घातलं, टोक भिजलं. बूच घट्ट केलं, क्लच पेट्रोलने धुतला, पकड यावी म्हणून वर चुलीची चाळलेली राख मारली. चढ पार झाला. सुभेदारसाहेब बूट हातात घेऊनच मागे बसले. नसरापूर येईपर्यंत त्यांनी ते घातले नाहीत.

कात्रजचा घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. स्टेशनवर पोचलो तेव्हा आगगाडीचं इंजिन शिटी देत होतं. येसू ट्रंक घेऊन धावला. डब्याच्या दारातून त्याने सॅल्यूट केला, मोटारीला की मला ते कळलं नाही. सुभेदारसाहेब म्हणाले, "शाबास, ड्रायव्हर." मला त्यांच्याकडून मिळालेली ती एकच शाबासकी.

येसूची पलटण पूर्वेला गेली. ब्रह्मदेशात एका नदीच्या काठावर तो पडला. मला ते कळलं तेव्हा त्याच्या घरी तार जाऊन बरेच दिवस झाले होते.

लढाई संपल्यावर मी पासलीला गेलो, एसटी नव्हती म्हणून वेल्ह्यापासून चालत. म्हादबा ओसरीवर वाखाची दोरी वळत होते. त्यांनी मला ओळखलं. पाणी दिलं. दोरीला दोन पीळ घातले आणि ती बाजूला ठेवली.

"त्या दिशी," ते म्हणाले, "गाडी सापडली व्हती न्हवं त्याला?"

"सापडली, मामा. सुटायच्या आत पोचला."

खरं बोलताना मला आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता. कोणावर, ते आजही सांगता येत नाही. तेलावर, शब्दावर, की माझ्या शाबासकीवर.

म्हादबांनी मान हलवली आणि दोरी पुन्हा हातात घेतली.

"मंग त्याचं काई चुकलं न्हाई," ते म्हणाले.