पहिलं वर्ष कोण बघतं

जावा बेटावरच्या आमच्या पुर्वोरेजोत नवरी सजवायची तर विजीनंच, असं बायका म्हणत. नवरीच्या कपाळावरची काळी महिरप ती अशी रेखायची की नावं ठेवायला आलेली सासूही गप्प बसे. मी लग्नाच्या केबाया, म्हणजे नवरीचे झगझगीत अंगरखे, शिवते, त्यामुळे आमचं जाणं-येणं रोजचं.

आई गेल्यावर धाकट्या बहिणीला, सेकारला विजीनंच वाढवलं. सेकार वरच्या शाळेत गेली आणि त्याच वर्षी विजीची मदतनीस तैवानला कामाला निघून गेली. लग्नाचा हंगाम तोंडावर आलेला. विजीनं बहिणीला हाताशी घेतलं. पोरीची शुक्रवारची शाळा बुडायची आणि सोमवारी ती वर्गात पेंगायची.

मी म्हटलं, "अगं, तिच्या अभ्यासाचं काय?"

"पहिलं वर्ष कोण बघतं, काकू? आमच्या वेळी शेवटच्या परीक्षेवरच सगळं होतं. तेव्हा बसवते की तिला."

पुढं नवी मदतनीस मिळाली. सेकारनं पुस्तकात डोकं घातलं ते काढलंच नाही. तिला औषधशास्त्र शिकायचं होतं. वर्गात ती पहिली यायला लागली, तशी विजी गल्लीभर सांगत सुटली.

शेवटच्या वर्षी शाळेनं नावं काढली. परीक्षा न देता, नुसत्या शाळेतल्या गुणांवर विद्यापीठात जागा मिळते, त्यासाठीची. सेकारचं नाव त्यात नव्हतं. विजी मला घेऊनच शाळेतल्या एंदाहबाईंकडे गेली. मुलांच्या पुढच्या शिक्षणाचं त्याच बघायच्या.

"पहिल्या सहामाहीपासूनचे गुण धरतात," बाई म्हणाल्या. "तिचं पहिलं वर्ष फार खाली गेलंय."

"ते माझ्यामुळं झालं, बाई. मीच तिला लग्नांना न्यायची. तसं लिहून देते मी."

"तुम्ही द्याल हो. पण तिच्या पुढं जी मुलं आहेत त्यांना मी काय सांगू?"

घरी आलो तर सेकार सोयाबीनच्या टेंपेच्या चकत्या तळत होती. विजी दारातच म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं गं, पहिलं वर्षही धरतात ते."

"मला होतं," सेकार कढईतून नजर न काढता म्हणाली. "बाईंनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू मला नेलं नसतंस. एकटीनं कसं केलं असतंस?"

आपल्याला ठाऊक नव्हतं, एवढाच विजीला आधार होता. तोही गेला. पोरीनं जाणूनबुजून सोसलं होतं आणि आपण साधं विचारलंही नाही, हे तिच्या मनाला लागलं ते लागलंच.

सेकारनं मग लेखी परीक्षा दिली. औषधशास्त्र थोडक्यात हुकलं. पुर्वोकेर्तोच्या विद्यापीठात मत्स्यशास्त्राला जागा मिळाली. आता ती तिथं तळ्यांत उतरून माशांचे रोग बघते, फोनवर हसून सांगते, "ताई, माशांनाही औषध लागतंच की."

विजी हसते. फोन ठेवला की मला विचारते, "खरंच खूश आहे का हो ती? की मला बरं वाटावं म्हणून म्हणते?"

मी म्हणते, तिलाच विचार. ते काही अजून विजीला जमलेलं नाही.