दुसऱ्या रविवारची हरकत

शहापूर-मुरबाड रस्त्यावर माझ्या सासूबाईंनी ज्याच्यासाठी प्रार्थना केलेली नाही असा माणूस नाही, आणि त्यामुळे चारचौघांत ज्याची मान खाली गेलेली नाही असाही माणूस नाही. प्रार्थना मनातल्या मनात करता येते हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही, किंवा सांगितलं असलं तरी पटलेलं नाही. देवाला ऐकू चांगलं येतं, पण मधे माणसांचा गलका फार, म्हणून आपण मोठ्यानं बोलावं, असं त्यांचं मत आहे. एसटी सुटायच्या आधी त्या ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला हात लावून उभ्या उभ्या प्रार्थना करतात. ब्रेकसाठी, टायरसाठी, वळणावरच्या म्हशींसाठी. एकदा ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, तुमी डोळे मिटा, माझे उघडे राहू द्या." त्यावर त्यांनी डोळे न उघडताच, "हा गाडी चालवताना फोन बघतो, बापा, त्याचं पण बघ," अशी पुस्ती जोडली. मी खिडकीबाहेर पाहत होते. त्यांच्याबरोबर फिरून खिडकीबाहेर पाहण्याचा माझा चांगलाच सराव झाला आहे.

मुरबाडच्या चर्चमध्ये उपासनेच्या मध्यावर प्रार्थनेच्या विनंत्या सांगायची वेळ असते. लोक उभे राहतात, "घरी आजारपण आहे, आठवण ठेवा," एवढंच म्हणतात आणि बसतात. सासूबाईंना आजारपण हा शब्द मोघम वाटतो. कोणाचं, कुठलं, कधीपासून, डॉक्टर काय म्हणाला, हे देवाला नीट कळायला हवं ना? चर्चच्या मंडळीतल्या एका निवृत्त मास्तरांची मूळव्याध त्यांनी इतक्या बारकाव्यानं सांगितली होती की मास्तर पुढचे काही रविवार उभ्यानंच उपासनेला हजर राहिले, बसायला गेले की सगळे बघत. आमचं लग्न ठरल्यावर पहिल्याच रविवारी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या होणाऱ्या सुनेला बाहेरचं खाल्लं का पोट बिघडतं. आतडी घट्ट कर, बापा." ही माहिती त्यांना त्यांच्या मुलानं दिली होती. मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. मी शहापूरला इंग्रजी माध्यमात शिकले, वर्गात कधी हात वर केला नाही, आणि आता माझी आतडी मंडळीच्या नोंदीत गेली होती.

पण याच बाईचं दुसरं एक काम आहे, आणि ते त्या अगदी बिनबोभाट करतात. माझी नणंद माझ्याहून वयानं मोठी आहे. ती जन्मापासून चालत नाही, तिचे शब्द आपल्याला उमगत नाहीत, हात स्वतःच्या मर्जीनं हलतात. तिला उठवणं, अंघोळ घालणं, भात कालवून भरवणं, कूस बदलणं, हे सगळं सासूबाई करतात. सासरे गेल्यानंतर तर एकट्याच. रविवारी तिला पावडर लावून, दोन वेण्यांना रिबिनी बांधून, चाकांच्या खुर्चीत बसवून चर्चला नेतात. तिथे तिच्या वतीनं बोलतातही त्याच. "ताई म्हणते, आज उपदेश लांबला." "ताई म्हणते, पंख्याखाली त्या मोठ्या बाईंनी जरा सरकून बसावं." ताईची मतं आईच्या मतांशी जुळली नाहीत असं कधी झालेलं नाही. एकदा उपदेश करणारे पाळकसाहेब हसत म्हणाले, "ताईला सांगा, पुढच्या वेळी आटपतं घेतो." सासूबाई म्हणाल्या, "ती म्हणते, मागं पण असंच बोलले होते."

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार उपासनेत मुलामुलीची नावं वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून विचारतात. हरकत कधी कोणी घेत नाही. पाळकसाहेब विचारतात, एक श्वास घेतात आणि गाण्याचा क्रमांक सांगतात. दुसऱ्या रविवारी मी आईबाबांबरोबर शहापूरहून मुरबाडला गेले होते, कारण उपासनेनंतर तिकडेच जेवण होतं. नावं वाचून झाली. पाळकसाहेबांनी श्वास घेतला, आणि पुढच्या बाकावरून सासूबाईंचा हात वर गेला.

"सूचना नंतर घेऊ, मावशी."

"सूचना नाय. हरकत हाय."

 माझे बाबा खोकले आणि खोकतच राहिले. माझा होणारा नवरा कपाळाला हात लावून खाली पाहू लागला. सासूबाई उभ्या राहिल्या. नेहमीचा मोठा आवाज नव्हता.

"पोरगी चांगली हाय. माझा पोरगा पण बरा हाय. पण ही माझी लेक. मी हाय तवर मी करीन. मी गेले का कोण करणार? चहापाणी झालं, साखरपुडा झाला, पेढे खाल्ले, पण हे कोणी विचारलं नाय. व्याह्यांनी नाय विचारलं, संकोच वाटला असंल. माझा पोरगा नाय बोलला, लगीन मोडंल म्हणून घाबरला. मी पण नाय बोलले, मला पण सून पायजेल ना. आता देवाच्या घरात नाव वाचताय, म्हणून सांगते. गुपचूप तिच्या गळ्यात मी हे बांधणार नाय. तिला नको असंल तर तिनं नको म्हणावं. मी रागावणार नाय."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्या बाकांनी. माझ्या गालांवरून गरम पाणी ओतावं तसं झालं. साखरपुड्याच्या दिवशी गर्दी नको म्हणून ताईला आतल्या खोलीत ठेवलं होतं. मला ती दिसली होती. मला तो प्रश्नही पडला होता, आणि कोणीतरी मोठ्यांनी तो मिटवला असेल असं मी धरून चालले होते. मी उभी राहिले. "मला हरकत नाही," असं काहीतरी म्हणाले, ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

"आता नको बोलू गो," सासूबाई म्हणाल्या. "सगळी बघतात म्हणून हो म्हणशील. अजून एक रविवार हाय. घरी ये, बघ, मग सांग."

त्या दिवशीच्या जेवणात कोणी कोणाकडे पाहिलं नाही. वाटाण्याच्या उसळीचं मात्र प्रत्येकानं कौतुक केलं.

त्या आठवड्यात मी एकटी त्यांच्या घरी गेले. सिद्धगडाच्या बाजूचं त्यांचं गाव, मुरबाडहून पुढे. त्यांनी काही लपवलं नाही. अंथरुणाचा वास, पाठीवरच्या जखमेला लावायचं औषध, भरवताना अंगावर उडणारा घास. मी ताईला कुशीवर वळवायला गेले आणि तिनं माझे केस पकडले. ते सोडवताना सासूबाई हसत होत्या. निघताना त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?"

मी म्हटलं, "भीती वाटली, काकू."

"मला पण वाटते," त्या म्हणाल्या आणि मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आल्या. वाटेत, नवल म्हणजे, त्यांनी प्रार्थना केली नाही.

तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं. या वेळी त्यांचा श्वास बराच लांबला. सासूबाई मागे वळून सरळ माझ्याकडे पाहत होत्या. मी बसून राहिले. कोणी काही बोललं नाही आणि गाणं सुरू झालं. लग्न झालं. पण मी तोंडानं हो म्हटलं नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. ताईचं सगळं काम मात्र मला करू देत नाहीत. मी भरवते, वेण्या घालते, तेवढंच. अंघोळीच्या वेळी दार लोटून घेतात. "तू तुझं काम कर," म्हणतात. बाकी रविवारी विनंत्या चालूच. माझ्या आतड्यांचं आता बरं आहे, हेही मंडळीला माहीत आहे.

मागच्या महिन्यात त्यांची कंबर धरली. सकाळी उठताच येईना. नवरा कामाला गेलेला. मी ताईला न्हाणीत नेलं, कसं नेलं ते सांगत नाही, दोघी भिंतीला आपटलो. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंच्या सूचना येत होत्या. पाणी हातावर घेऊन बघ. मान धर. आधी पाय, मग डोकं. साबण डोळ्यात जाईल गो. काखेत विसरू नको. मी प्रत्येक वेळी "हो आई" म्हणत होते. मग आवाज बंद झाला. मी घाबरले, ताईला भिंतीला नीट टेकवलं आणि ओल्या हातांनी बाहेर डोकावले.

त्या झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, एक हात चटईबाहेर. दिवसाउजेडी त्यांना झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्यालाही आठवत नाही, मी नंतर विचारलं.

मी परत आत आले. ताई माझ्याकडे पाहत होती, अंगावर साबण तसाच. तांब्या बादलीला लागून आवाज होऊ नये म्हणून मी उरलेलं पाणी ओंजळीनंच घातलं.