सपाटावरची चाचणी

निवृत्त झालो आणि बायकोने टेबलाचे खण रिकामे करायला लावले, म्हणून हा प्रवास घडला. तळाच्या खणात पत्र्याची एक पन्हळ निघाली. वीतभर लांब, बोटभर खोल, दोन्ही टोकांना वळवलेली कड. तिला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी मी वीस वर्षांत सोडलीच नव्हती. ती आता सोडली. ‘उतारावरच्या इंजानासाठी. सपाटावर काय कामाची नाय. इस्माईल मिस्त्री, शिळफाटा.’ दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोपोलीकडे जाणारी एसटी धरली.

मी पुण्याच्या एका इंजिन कंपनीत वंगणाच्या चाचण्या घेत असे. शेतावरच्या कित्येक लहान डिझेल इंजिनांत तेलाचा पंप नसतो. फिरणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक चमचा असतो. तो दर फेऱ्याला तळाच्या तेलात बुडतो, तेल उडवतो आणि त्या शिंतोड्यांवर आतलं बेअरिंग जगतं. इंजिन तिरपं ठेवलं की तेल कोपऱ्यात जमतं, चमचा कोरडा फिरतो, बेअरिंग जळतं. इस्माईल मिस्त्रींनी चमच्याखाली ही पन्हळ बसवायची युक्ती काढली. उडालेलं तेल परत तिच्यातच पडायचं आणि इंजिन कलतं असलं तरी तिथंच राहायचं. मी एकदा कंपनीच्या कामाने शिळफाट्याला गेलो असताना त्यांनी ती माझ्या हातात ठेवली होती. ‘तपासून कळवा’ म्हणाले होते.

मी ती एका इंजिनात बसवून आमच्या लोखंडी बैठकीवर तपासली. बैठक लेव्हल लावून सपाट केलेली, आणि त्या सपाटपणाचा आम्हाला कोण अभिमान. अहवालात लिहिलं, फायदा दिसत नाही. एवढ्याने अहवाल बोडका दिसतो म्हणून आणखी एक ओळ ठोकून दिली, की तेलाच्या वाटेत अडथळा होण्याची शक्यता आहे. असं काहीही मला दिसलं नव्हतं. त्याची प्रत शिक्क्यासह मिस्त्रींना गेली, आणि त्याच वर्षी मला बढती मिळाली.

खोपोलीजवळ शिळफाट्याला उतरलो तर मिस्त्रींच्या गॅरेजच्या जागी मोबाइलची कव्हरं टांगलेली. शेजारच्या चहावाल्याला विचारलं.

“मिस्त्री व्हय? ते कडावला लेकीकडं असतात. हात कापतात आता, पण कान शाबूत हाय. रस्त्यानं गाडी गेली तरी सांगतात, काय बिघडलंय.”

कर्जतला गाडी बदलताना वडापाव खाल्ला. त्याच्यासाठी लोक वाट वाकडी करून येतात म्हणे. मला तो नुसताच गरम लागला. पुढे सहा आसनी रिक्षात आम्ही अकराजण बसलो आणि कडावपर्यंत माझा एक पाय बाहेरच होता. भात कापून झालेल्या शेतांत वाल फुलला होता. एरवी मी त्यावर दोन ओळी खर्च केल्या असत्या.

मिस्त्री ओटीवर बसून भिजवलेले वाल सोलत होते. बोटं थरथरत होती, तरी एकही डाळिंबी (सोललेला वाल) मोडत नव्हती. मी नाव सांगितलं. त्यांनी आत हाक मारली, “शमीम, पुण्याचं साहेब आलंत. पान वाढ गं.”

“आधी थोडं बोलायचं होतं,” मी म्हणालो.

“जेवा. उपाशी माणसाशी मी इंजानाचं बोलत नाय.”

तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं (नारळाची दाटसर उसळ). उत्तम असणार, कारण शमीमताईंनी दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा मी नाही म्हटलं नव्हतं. हात धुऊन मी पन्हळ आणि चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली.

“येकच विचारायचं ऱ्हायलं व्हतं साहेब,” ते म्हणाले. “ढाळ (उतार) किती दिला व्हता?”

“शून्य.”

“आन् चिठ्ठी?”

“काल वाचली.”

ते रागावण्याची मी वाट पाहिली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पन्हळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. “अकरा इंजानांत बसवल्या व्हत्या. तुमचं पत्र आलं, आडथळा व्हतो म्हणून. समद्यांकडं गेलो आन् हातानं काढून आणल्या.”

“पण ती इंजिनं चालत होती ना?”

“चालत व्हती. पण कंपनीनं शिक्का मारून लिवलं व्हतं. माज्या हौसेपायी लोकांची इंजानं जळाया नकोत.” मग ते उठले. “चला, येक दावतो.”

रिक्षा करून आम्ही कर्जतजवळच्या कोंडाणे गावी गेलो. लेण्यांकडे जाणारे लोक उजवीकडे वळले, आम्ही डावीकडच्या चढाने ठाकरांच्या वाडीवर निघालो. तिथे मी घसरलो आणि गुडघा फोडून घेतला. सत्तरी ओलांडलेले मिस्त्री वर उभे राहून शांतपणे म्हणाले, “हितं सपाट नाय साहेब.”

वाडीत चांगुणाबाई भेटल्या. त्या अकरांतलं एक, पाणी उपसायचं इंजिन त्यांच्या वाडीचं, सगळ्यांच्या सामाईकीतलं होतं. उन्हाळ्यात वहाळाचं (ओढ्याचं) पाणी जसजसं खाली सरकायचं, तसं सहाजण बांबूवर घेऊन इंजिन खाली न्यायचे आणि दगडांवर ठेवायचे, जसं बसेल तसं. पाणसळ (लेव्हल) कुणी लावायची?

“चार उन्हाळं चाललं,” बाई म्हणाल्या. “ही पन्हाळ काढाया आला, तवा मी बोलले, नको काढू रं मिस्त्री. त्याच उन्हाळ्यात इंजान बसलं. भेंडीचा मळा उभा वाळला. तवापासनं दिवाळी झाली का समदी वाडी वीटभट्टीला. हितं आमी म्हातारी आन् कोंबड्या.”

इंजिन भंगारात गेलं होतं. त्याच्या तळाची तेवढी तेलाची टाकी दारात पडली होती आणि तिच्यातून कोंबड्या पाणी पीत होत्या. जमीन उताराची, म्हणून सगळं पाणी एका कोपऱ्यात जमलं होतं आणि मधला पत्रा कोरडा पडला होता. मिस्त्रींनी पन्हळ बरोबर मधोमध ठेवली आणि तांब्याने वरून पाणी ओतलं. टाकीतलं पाणी कोपऱ्यात पळालं. पन्हळीतलं राहिलं. वीस वर्षांपूर्वी मी एवढंच करायला हवं होतं, इंजिनाच्या एका बाजूखाली वीट सारायला हवी होती.

“माझी चूक झाली, मिस्त्री.”

“मला वीस वर्सं लाज वाटत व्हती साहेब. तुमाला कालपासनं वाटते.” मग म्हणाले, “आता लिवून द्या. चालते म्हणून. लेकीला दावीन.”

मी त्याच चिठ्ठीच्या मागे लिहिलं, ‘उतारावर तपासली. चालते.’ खाली सही केली, हुद्द्यासकट. त्यांनी कागद दूर धरून वाचला, उलटून पाहिला.

“शिक्का?”

“आता शिक्का नाही माझ्याकडे. निवृत्त झालो.”

त्यांनी कागदाची घडी घालून तो परत माझ्या खिशात ठेवला. “मग ऱ्हाऊ द्या. शिक्क्याबिगर ह्ये माजंच म्हणणं झालं.”

संध्याकाळच्या एसटीने घाट चढलो. माझा जुना अहवाल कंपनीच्या फायलीत शिक्क्यासह शाबूत असेल, आणि तो बदलायला मी आता तिथे कुणी नाही. पन्हळ वाडीवर राहिली, कोंबड्यांना. चिठ्ठी घरी आणून त्याच खणात ठेवली आहे. बायकोला सांगितलं, एवढा एक खण रिकामा होणार नाही.